डिझेल गाडी : इंजिनऐवजी गिअरबॉक्सचं ऑइल निघालं, इंजिनात आता जवळजवळ दुप्पट ऑइल

कोरडा_रस्ता :

गाडी चार सिलिंडर कॉमन रेल टर्बो डिझेल, डीपीएफवाली (सायलेन्सरच्या वाटेत धुरातली काजळी अडवणारी जाळी). ५ गिअर मॅन्युअल, इंजिन आडवं, जोर पुढच्या चाकांना. फिल्टरसकट ऑइल ४.५ लिटर असं पुस्तकात दिलंय.

घरी ऑइल बदललं. खालचा नट उघडल्यावर १.९ लिटर निघालं. रंग पिवळसर, आरपार दिसेल असा, वास उग्र. नवीन तांब्याचा वायसर घालून नट बंद केला. वरच्या टोपीतला कागदी फिल्टर आणि टोपीची रबरी रिंग बदलली. मग ४.५ लिटर ५डब्ल्यू-३० ओतलं, डब्यावर एसीईए सी३ (ऑइलचा युरोपीय दर्जा) लिहिलंय. चालू केल्यावर लाल दिवा लगेच विझला, पण आयडलवर ३ मिनिटांतच मागून निळसर पांढरा धूर यायला लागला आणि वाढत गेला. वरून टॅपेटची (झडपा उघडणाऱ्या भागांची) टकटक. याच दरम्यान रिव्हर्स टाकून गाडी रॅम्पवरून १० मीटर मागे घेतली, तेव्हा गिअर पडताना खरखर झाली. चावी बंद केल्यावर इंजिन थांबलं. डिपस्टिक बघितली तर मॅक्सच्या वर चार बोटं ओली आहे.

गिअरबॉक्सचा नट उघडला गेला एवढं आता कळलंय. पुढे काय, कोणत्या क्रमाने? इंजिन, टर्बो, डीपीएफ, गिअरबॉक्स यांपैकी कशाची जास्त काळजी करायची?

---

सतरा_नंबर :

पहिली गोष्ट, सेल्फ मारू नका. "फक्त बाजूला घेतो" म्हणूनसुद्धा नाही. हलवायचीच असेल तर न्यूट्रलमध्ये ढकला, तेही चार पावलं.

ऑइलचा रंग बघूनच थांबायला हवं होतं, पण हे ऑइल बदलणाऱ्या निम्म्या लोकांना कोणी सांगत नाही. डिझेल इंजिनातलं ऑइल पिवळं राहतच नाही. ज्वलनातली काजळी ते पहिल्या काही किलोमीटरमध्येच धरून ठेवतं आणि काळंकुट्ट होतं. ते त्याचं कामच आहे. त्यामुळे डिझेलच्या खालून स्वच्छ पिवळं आणि उग्र वासाचं काही निघालं, तर ते गिअर ऑइल. उग्र वास गंधकाच्या ॲडिटिव्हचा. लाल निघालं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, एटीएफ. अशा वेळी नट लगेच परत लावायचा, निघालेलं मोजायचं आणि तेवढंच नवं भरायचं. नुकसान शून्य.

तुमच्या केसमध्ये हिशोब असा. काडीवर लेव्हल मधोमध होती असं धरलं तर आत ४ लिटरच्या आसपास जुनं होतं. फिल्टर बदलताना त्यातलं पाव-अर्धा लिटर गेलं. वर ४.५ नवं पडलं. म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, आता ८ लिटरच्या घरात आहे. क्रँकशाफ्टची वजनं सरळ ऑइलमध्ये बुडतायत. इंजिन फिरलं की आत ताक घुसळणं सुरू होतं. फेस झालेलं ऑइल पंपात गेलं की हवेचे बुडबुडे गॅलरीत (ऑइलच्या आतल्या वाटांत) पोचतात आणि ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट मऊ पडतात. तुमची टकटक तीच. लाल दिवा विझला म्हणून प्रेशर ठीक आहे असं समजू नका. तो स्विच फार कमी प्रेशरला विझतो.

धुराचं कारण ब्रीदर. चेंबरमधली हवा आणि ऑइलची वाफ ज्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जाते, त्याच नळीतून आता फेस वर चढला. टर्बोने तो ओढला, इंटरकूलरमधून (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीतून) सिलिंडरमध्ये ढकलला आणि तिथे तो अर्धवट जळाला.

काळजीचा क्रम विचाराल तर आधी इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा आत घ्यायच्या वाटेत, साठलेलं ऑइल, मग गिअरबॉक्स, मग क्रँकची सीलं, शेवटी डीपीएफ.

---

फटफटी :

एवढं घाबरायचं कारण नाही. वरून डिपस्टिकच्या नळीत बारीक पाईप घाला, पंपाने जास्तीचं ४ लिटर ओढा, लेव्हल मॅक्सला आणा, चालू करा. धूर पाच-दहा मिनिटांत जाईल. गिअरबॉक्स भरून घ्या. संपलं.

---

पिस्टनपिन :

ओढून काढायला हरकत नाही. पण "चालू करा, धूर जाईल" हे डिझेलला सांगू नये. दोन धोके आहेत आणि दोन्ही इंजिन संपवणारे.

एक, हायड्रोलॉक. डिझेलचं कॉम्प्रेशन साधारण १६ ते १८ पट. ४०० सीसीच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर पोचला की जेमतेम २५ सीसी जागा उरते. इंटरकूलरच्या तळाशी साठलेलं ऑइल पहिल्या सेल्फला एकदम एका सिलिंडरमध्ये गेलं, तर दोन-तीन चमचेसुद्धा पुरतात. ऑइल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोन, इंजिन स्वतःचंच ऑइल खाऊन सुसाट सुटणं. पेट्रोलमध्ये स्पार्क बंद की खेळ खलास. डिझेलला पेटायला फक्त हवा, दाब आणि जळण्यासारखं काहीतरी लागतं. इंजेक्टर बंद असले तरी इनटेकमधून ऑइल येत राहिलं, की ते इंधनच. आरपीएम वाढला की टर्बो जास्त ओढतो, जास्त ओढलं की आरपीएम वाढतो. चावी काढून हातात घेतली तरी फरक पडत नाही. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत चावी बंद करताना इनटेकची झडप मिटते, तुमचं इंजिन थांबलं त्यात तिचा हात असू शकतो. पण ती झडप झटका कमी व्हावा म्हणून बसवलेली असते, हवा पूर्ण कोंडायला नाही. तिच्या भरवशावर दुसऱ्यांदा राहू नका.

म्हणून इनटेक रिकामा केल्याशिवाय आणि क्रँक हाताने फिरवून बघितल्याशिवाय सेल्फ नाही.

आणि जुनं-नवं मिसळलेलं अर्धं आत ठेवण्यात काय हशील? त्यात निम्मी जुनी काजळी आहे. ऑइल बदललं असं म्हणताच येणार नाही. सगळं काढा.

---

फटफटी :

हायड्रोलॉकचा मुद्दा मान्य. पण ३ मिनिटं आयडलवर किती ऑइल चढणार?

---

पिस्टनपिन :

बहुतेक थोडंच. पण ते बघायला एक क्लिप सैल करावी लागते. न बघता अंदाज करायचा तर समोर अख्खं इंजिन लावलेलं असतं.

---

कोरडा_रस्ता :

ठीक, सेल्फ बंद. आता नेमका कुठला नट कशाचा हे खात्रीने कसं ओळखू? खाली दोन नट दिसतायत, एक १७ नंबरचा षटकोनी आणि दुसरा आत खाच असलेला, ॲलन कीचा. मी तो ॲलन कीचा उघडला होता.

---

गोटीसेट :

नटाच्या आकारावर जाऊ नका, गाडीगणिक बदलतो. कव्हर काढून पुढच्या चाकांचे ॲक्सल बघा. दोन्ही ॲक्सल ज्या ओतीव, बाहेरून शिरा असलेल्या डब्यात शिरतात तो गिअरबॉक्स. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये क्लचची घंटेच्या आकाराची हाउसिंग असते. तिच्या पलीकडे, पुलीच्या बाजूला जो चेंबर आहे तो इंजिनाचा. पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. पुढच्या वेळेस आणखी सोपं म्हणजे ऑइल बदलण्याआधी इंजिन ५ मिनिटं आयडलवर चालवायचं आणि दोन्हींवर हाताचा पाठचा भाग जवळ न्यायचा. इंजिनाचा चेंबर चांगला कोमट लागतो, गिअरबॉक्स थंडच असतो. आत्ता मात्र हा प्रयोग नको.

इंजिन रिकामं करताना एक गंमत लक्षात ठेवा. बाजारातले बरेचसे ट्रे ५-६ लिटरचे असतात. तुमच्यातून ८ येणार, आणि दाब जास्त असल्याने धार नेहमीपेक्षा लांब पडणार. दोन ट्रे घ्या, किंवा एक ट्रे आणि बाजूला उघडा डबा. नट पूर्ण काढण्याआधी शेवटच्या दोन आट्यांवर आत दाबून धरा, मग झटक्यात बाजूला घ्या. गाडी जॅकवर नसावी. रॅम्पवर किंवा घोड्यांवर, मागच्या चाकांना गट्टू, हँडब्रेक ओढलेला. ऑइल सावकाश १५-२० मिनिटं निथळू द्या. निघालेलं सगळं मोजून ठेवा, पुढे कामाला येतं.

चेंबरचा नट परत लावताना नवीन वायसर. तुमचा जो तांब्याचा वायसर गिअरबॉक्सला गेला, तो इंजिनाचा होता. दोन्हींचा व्यास सारखाच असेल असं नाही. गिअरबॉक्सच्या काही नटांना वायसरच नसतो, आटे निमुळते असतात आणि तेच सील होतात. अशा ठिकाणी वायसर घातला तर नट नीट बसत नाही. तो काढून बघा, तसंही तुम्हाला तिथे हात घालायचाच आहे. ॲल्युमिनियममध्ये हे नट साधारण २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतात. नेमका आकडा पुस्तकातला घ्या आणि टॉर्क रेंच वापरा. लांब पाइप लावून आवळला की आटे जातात. मग आट्यांची नवी बाही बसवावी लागते. मोठ्या मापाचा, स्वतःच आटे पाडणारा नट ठोकून बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो एकदा बसतो, पुढच्या वेळेस चेंबरला तडा जातो.

---

सतरा_नंबर :

गिअरबॉक्सबद्दल मी लिहितो.

आधी नेहमीचा नियम. भरायचा नट उघडतोय का ते बघा, मगच खालच्या नटाला हात लावा. भरायचा नट अडकलेला निघाला आणि खालून सगळं काढून बसलात, तर गाडी तिथेच. तुमचं ऑइल आधीच गेलंय म्हणून आता पहिलं काम तेच. तो बहुतेक गिअरबॉक्सच्या पुढच्या किंवा बाजूच्या अंगाला, मध्याच्या जरा वर असतो. वर्षानुवर्षं हललेला नसतो. भोवतीची धूळ ब्रशने काढा, गंज सुटायचा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा. ॲलन की असेल तर खाचेत साचलेली माती टोकाने उकरून की पूर्ण खोलवर बसवा. अर्धवट बसलेल्या कीने कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोड्याची वेळ येते. काही गिअरबॉक्सना असा बाजूचा नट नसतो. वरून, रिव्हर्स लाइटच्या स्विचच्या भोकातून किंवा ब्रीदरच्या जागी मोजून भरतात. तुमच्या गाडीचं पुस्तक बघा.

ऑइल कोणतं हे पुस्तकावर सोडा. आडव्या इंजिनाच्या मॅन्युअलला सहसा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ (गिअर ऑइलचा वर्ग) लागतं. दुकानात "जीएल-५ त्याच्यापेक्षा भारी" असं सांगून देतात. भारी डिफरन्शियलसाठी. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह साधारण दुप्पट असतं, ते गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही आणि गिअर अडायला लागतात. डब्यावर दोन्हींची मान्यता लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी.

भरताना गाडी चारही बाजूंनी सपाट पाहिजे. पुढचा भाग उचललेला ठेवून भरलं तर लेव्हल चुकते. वरून बॉनेटमधून दीड मीटरची पारदर्शक नळी, आतून १०-१२ मिमी, खाली भोकात, वर नरसाळं. ऑइल जाड असतं, बाटली आधी गरम पाण्यात ठेवली तर लवकर उतरतं. भोकाच्या खालच्या काठावरून बारीक धार बाहेर यायला लागली की थांबायचं, धार थेंबांवर येऊ द्यायची, नट बंद. तुमचं १.९ निघालं, पण पुस्तकात २ किंवा २.१ असेल तर दचकू नका, थोडं गिअरवर चिकटून राहतं. जास्त भरू नका. जास्तीचं इनपुट शाफ्टच्या सीलमधून क्लचवर येतं, आणि मग क्लच घसरायला लागतो.

नुकसान किती? न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इनपुट शाफ्ट फिरतच असतो, म्हणजे बेअरिंग ३ मिनिटं जवळजवळ कोरडी फिरली. पण दात आणि बेअरिंगवर आधीच्या ऑइलचा थर असतो, भार नव्हता, अंतर १० मीटर. एवढ्यात गिअरबॉक्स सहसा वाचतो. खरखर बहुधा रिव्हर्सची. बऱ्याच गिअरबॉक्सना रिव्हर्सला सिंक्रो नसतो, गाडी आणि शाफ्ट पूर्ण थांबायच्या आत टाकला की ऑइल असतानाही खरखरतो. हायवेवर २० किलोमीटर गेला असतात तर मी वेगळं लिहिलं असतं.

खालचा नट चुंबकाचा असेल तर काढल्यावर टोक बघा. करडी, बोटांत मऊ लागणारी पेस्ट असेल तर ठीक. चकत्या, तुकडे, नखाने उचलता येईल असं काही दिसलं तर फोटो टाका.

---

पिस्टनपिन :

आता इनटेक. एअर फिल्टरच्या डब्यापासून सुरू करा. झाकण काढा, फिल्टर ऑइलने ओला झाला असेल तर फेकून नवा. सुका असेल तर राहू द्या. ब्रीदरची नळी सहसा हवामापक सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या जवळ जोडलेली असते, त्यामुळे सेन्सर बहुतेक वाचलेला असतो. त्याला चिंधी लावू नका, आतली फिल्म नाजूक असते.

टर्बोच्या आधीचा रबरी पाइप काढून आत बोट फिरवा. ओलसर थर चालतो, थेंब ओघळत असतील तर पुसून घ्या. टर्बोच्या पंख्याची खिट्टी बोटांनी धरून हलवून बघायचा मोह होईल. हलकी बाजूची हालचाल असतेच. पुढे-मागे हलते का एवढंच बघा.

खरा माल इंटरकूलरमध्ये. त्याच्या खालच्या टोकाची होज शोधा, खाली ट्रे, क्लिप सैल करून होज काढा. चालत्या डिझेलमध्ये चमचा-दोन चमचे निघणं रोजचंच आहे. अर्धी वाटी निघाली तर इंटरकूलर उतरवून उभा करून निथळत ठेवावा लागेल. दुसऱ्या टोकाची, थ्रॉटलकडे जाणारी होजही काढून आत बघा. पाइपात रॉकेल किंवा पेट्रोल ओतून धुवायचं असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय बसवायचं नाही. राहिलेला तो पदार्थ इंजिनाला ऑइलपेक्षा जास्त आवडतो.

क्लिपा परत लावताना खाचेत बसल्यात ना बघा. इंटरकूलरची होज सैल राहिली की गाडीत दम राहत नाही आणि काळा धूर येतो, मग माणूस टर्बो गेला म्हणून रडतो.

हे झालं की क्रँक हाताने. गाडी न्यूट्रलमध्ये, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. उजव्या चाकाच्या आतून किंवा वरून, गाडीत जिथे जमेल तिथून क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी आणि लांब हँडल. इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेने, बहुतेकांत पुलीकडून बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलटं फिरवू नका, टायमिंगच्या चेन-बेल्टला ते आवडत नाही. पूर्ण दोन फेरे, कारण चारही सिलिंडर एकेकदा कॉम्प्रेशनला यायला तेवढे लागतात. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला जड लागेल. तिथे जोर धरून थांबलात की हवा हळूहळू झिरपते आणि हँडल पुढे सरकतं. ऑइल अडलं असेल तर भिंतीवर आपटल्यासारखं कडक थांबेल आणि सरकणार नाही. तिथे जोर करायचा नाही.

ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे) काढून फिरवणं जास्त सोपं, पण ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. ८ मिमी आट्यांचा ग्लो प्लग तुटायला साधारण २० न्यूटन-मीटर पुरे होतात. थंड इंजिनात, कार्बनने धरलेला असेल तर तो हेडमध्येच मोडतो आणि आजचं सगळं प्रकरण त्यापुढे किरकोळ वाटतं. कडक थांबलं तरच काढा, तेही स्प्रे मारून, थोडं सैल-थोडं आवळ करत.

---

गोटीसेट :

पहिल्या स्टार्टची तयारी वर कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

दोघं लागतात. एक जण सीटवर, पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला. दुसरा बॉनेटपाशी, हातात हवेच्या नळकांड्याच्या तोंडापेक्षा मोठी प्लायची फळी. फिल्टरच्या आधीचा नाकाडा (बाहेरची हवा डब्यात आणणारी नळी) काढून ठेवा, म्हणजे फिल्टर जागेवर राहूनही डब्याचं तोंड फळीने झाकता येतं. आरपीएम आपोआप चढायला लागला तर वाट बघायची नाही. सीटवरच्याने सर्वात वरचा गिअर टाकायचा, ब्रेक दाबून ठेवायचा आणि क्लच एकदम सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. त्याच वेळी दुसऱ्याने फळी. हात नाही, चिंधी नाही. हात ओढला जातो आणि चिंधी टर्बोत जाते. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांड असेल तर तोंडात सोडलं तरी चालतं. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचा मार्ग नाही, तिथे हवा कोंडणं एवढंच हातात. पाच-सात सेकंदांत आटोक्यात आलं नाही तर दोघांनीही गाडीपासून लांब.

इनटेक रिकामा आणि लेव्हल बरोबर असेल तर यातलं काही लागणार नाही. तरी फळी आणा.

---

कोरडा_रस्ता :

केलं. आकडे :

इंजिनातून ७.९ लिटर निघालं, काळंच. गिअरबॉक्सच्या नटाला वायसर लागतो, पण बसवलेला एक माप मोठा होता, नवीन योग्य मापाचा घातला. चुंबकावर करडी पेस्ट, तुकडे नाहीत. भरायचा नट अर्ध्या तासाने सुटला, २ लिटर जीएल-४ गेल्यावर धार आली.

इंटरकूलरच्या खालच्या होजमधून ७० मिली. टर्बोच्या आधीचा पाइप आतून ओला, पुसला. एअर फिल्टर सुका. क्रँक दोन फेरे फिरला, चार वेळा जड लागला, प्रत्येक वेळी सरकला.

अजून चालू केलेली नाही. इंजिनात किती भरू? फिल्टर ३ मिनिटं चाललेलाच आहे, तो परत बदलू का? आणि डीपीएफचं काय?

---

सतरा_नंबर :

७.९ म्हणजे हिशोब जुळला. राहिलेलं पाव लिटर भिंतींना आणि गॅलरीत असतंच.

फिल्टर राहू द्या. ३ मिनिटांत त्याचं काही बिघडत नाही, आणि तो ऑइलने भरलेला आहे हे उलट सोयीचं, प्रेशर लवकर येईल. टोपीची रबरी रिंग मात्र नीट खाचेत आहे ना आणि टोपी पुस्तकातल्या टॉर्कला आहे ना, हे एकदा बघा. बऱ्याच टोप्यांवर तो आकडा कोरलेलाच असतो, बहुतेक २५.

फिल्टर बदलणार नाही म्हणून ४.५ पूर्ण ओतू नका. ४ लिटर ओता, १० मिनिटं थांबा, सपाटीवर काडी बघा. चालू करून बंद केल्यावर पुन्हा ५-१० मिनिटांनी बघून वरचं थोडं थोडं. मिन-मॅक्समधलं अंतर साधारण १ लिटरचं असतं. डीपीएफवाल्या डिझेलमध्ये लेव्हल मॅक्सला टेकवू नये, पाऊण भागापर्यंत ठेवावी. डीपीएफ स्वच्छ करताना बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा डिझेल फवारतात, त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये येतं. त्यामुळे या गाड्यांत लेव्हल घटायच्या ऐवजी वाढते. काही काड्यांवर मॅक्सच्याही वर एक खूण असते ती याचसाठी. तिथे पोचलं की किलोमीटर न बघता ऑइल बदलायचं.

---

पिस्टनपिन :

चार वेळा जड आणि चारही वेळा सरकला म्हणजे सिलिंडर मोकळे आहेत. ७० मिली काढल्यावर आत जे राहिलं ते जळेल आणि थोडा धूर येईलच. मोकळ्या जागेत, वाळलेल्या गवतापासून लांब चालू करा. लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे, नाहीतर लगेच बंद. टकटक एक-दोन मिनिटं राहील, टॅपेटमधली हवा निघायला वेळ लागतो. १० मिनिटांनंतरही तशीच असेल तर प्रेशर गेज लावून मोजा.

डीपीएफला ३ मिनिटांच्या धुराने फारसं काही होत नाही. पण धूर पूर्ण थांबेपर्यंत स्कॅनरने जबरदस्तीचं रीजनरेशन (जाळी तापवून काजळी जाळणं) लावू नका. ते ६०० अंशांच्या आसपास चालतं. आतल्या जाळीत ऑइल भिजलेलं असेल तर ते एकदम पेटून जाळी वितळू शकते. आधी ३०-४० किलोमीटर हलक्या पायाने चालवा, मग गाडीला स्वतःचं स्वतः करू द्या. ऑइलच्या राखेचा प्रश्न वेगळा. काजळी जळते, राख जळत नाही, ती कायमची साठते. सी३ मध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंत असते, ए३/बी४ वर्गात ती १ ते १.६. तुमचा डबा बरोबर आहे, उरलेलंही तेच घ्या.

पहिले काही दिवस क्लच हाउसिंगच्या तळाशी बघत राहा. तिथे थेंब दिसला तर काळा की पिवळा ते बघा. काळा असेल तर क्रँकचं मागचं सील दाबाने सुटलंय. पिवळा असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं.

---

कोरडा_रस्ता :

चालू केली. दिवा दोन सेकंदांत विझला. धूर सात-आठ मिनिटं, मग बंद. टकटक गेली. फळी लागली नाही. काडीवर पाऊण भाग, एकूण ४.१ लिटर गेलं. गिअर सगळे पडतात, तिसऱ्यात अगदी बारीक घुंई येते. आधी होती की नाही सांगता येत नाही.

---

सतरा_नंबर :

घुंई वेगाबरोबर वाढते का, आणि क्लच दाबून न्यूट्रलला घरंगळत सोडल्यावर जाते का, हे बघा. फक्त तिसऱ्यातच आणि भार असताना येत असेल तर त्या जोडीच्या दातांवर थोडं घासलंय. बहुधा तसंच राहील, वाढणार नाही. सगळ्या गिअरमध्ये येत असेल आणि न्यूट्रलमध्ये उभं असताना क्लच दाबल्यावर बंद होत असेल, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

५०० किलोमीटरनंतर गिअरबॉक्सचं ऑइल पुन्हा काढा, स्वच्छ ट्रेमध्ये, उन्हात धरून बघा. नुसती करडी छटा असेल तर ताजं २ लिटर भरून नेहमीच्या अंतरावर जा. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रोची पितळ आहे. चुंबकाला चिकटलेल्या चकत्या दिसल्या तर बेअरिंगच्या. चकत्या असतील तर गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवा, बेअरिंग फुटेपर्यंत थांबलात तर केसिंगही जातं.